मार लागल्यावर पोर मातीला भितंय? या चुका टाळा

मुलगा बारा वर्षांचा असताना तालमीत सरावाच्या कुस्तीत खांद्यावर आदळला आणि कॉलरबोन मोडलं. सव्वा महिन्यात हाड जुळलं, डॉक्टरांनी त्यानंतर सांगितलेली विश्रांतीही झाली. तरी पोरगं लंगोट बांधून हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर बसायचं, आत उतरायचं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तालमींत असं काठावर बसलेलं पोर तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत.

चारचौघांत ‘भित्रा’ म्हणणं

चैत्रातल्या यात्रा तोंडावर आल्या होत्या, कुस्त्यांची मैदानं लागणार होती. त्या घाईत मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, “पैलवानाच्या घरातलं पोर असं भितं होय?” त्या दिवसापासून त्यानं खांद्याबद्दल बोलणंच सोडलं. भीती होती तिथंच राहिली, आम्हाला कळायची मात्र बंद झाली. ही माझी सगळ्यांत मोठी चूक.

भीती कशाची, हे न विचारणं

शेवटी विचारलं ते माझ्या वडलांनी. “सोळा आण्यांत किती आणे भ्या वाटतंय गा?”

“बारा.”

“कशाचं?”

त्यानं शर्ट बाजूला सारून हाडावरची गाठ दाखवली. “आज्जा, हाड अजून वर आलंय.”

हाड मोडकंच आहे आणि आम्ही त्याच्यापासून लपवतोय, असं त्याला वाटत होतं. खरं तर हाड जुळताना तिथं नवं हाड धरतं, त्याची गाठ हाताला लागते आणि वाढत्या वयात ती हळूहळू झिजते. डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा एक्स-रे शेजारी धरून त्यालाच समजावलं. त्या संध्याकाळी बारा आण्यांचे आठ झाले. म्हणून सांगतो, तपासणीला पोराला नुसतं घेऊन जाऊ नका, त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.

“काही होत नाही” असा शब्द देणं

कुस्तीत पुन्हा लागू शकतं हे पोरालाही ठाऊक असतं. आपण खोटा शब्द दिला की पुढच्या आपटीला त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. “लागू शकतं, म्हणून आधी पडायला शिकू,” हे खरं आहे आणि त्याला धीर देणारंही.

थेट कुस्तीला उभं करणं, नाहीतर महिनोन्‌महिने घरी बसवणं

दोन्हींनी भीती वाढते. जे टाळतो त्याचंच भय घट्ट होत जातं, ते कमी होतं थोडं थोडं सामोरं गेल्यावर. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वस्तादांनी त्याला आधी फक्त फावडं दिलं. आठवडाभर त्यानं हौद्यातली माती उकरली. मग बसल्या जागेवरून पडणं: हनुवटी छातीला, श्वास सोडत, हात मागं न टेकता तळवा आणि कोपरापर्यंतचा हात एकदम मातीवर. पडताना ताठ हात टेकला की सगळा भार मनगटावरून खांद्यापर्यंत चढतो, आणि त्यानंही हाड मोडू शकतं. बसून जमलं की उकिडवं, मग उभ्यानं. त्यानंतर ओळखीचा जोडीदार, आधी ठरलेला एकच डाव, तोही सावकाश, आणि मातीवर थाप मारली की लगेच थांबायचं. पुढची पायरी कधी घ्यायची ते पोरानं सांगायचं. आमच्याकडं चार आण्यांवर आल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं ठरलं होतं.

पडण्याची तालीम म्हणजे कमीपणा नव्हे. ज्युदोत पहिला धडाच पडण्याचा असतो. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणलं, त्या खेळातही पाठीवर आपटणं रोजचंच.

खऱ्या दुखण्याला भीती समजणं

सूज, एकाच जागी बोट लावल्यावर कळ, मुंग्या, रात्री झोपमोड करणारं ठणकणं, यातलं काही असेल तर ती भीती नव्हे, दुखापत आहे. ताज्या दुखापतीवर मालीश नको, हाड ओढून बसवणं तर नकोच. डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली किंवा पोर गोंधळलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि तडक दवाखाना.

काठावरच्या आईबापांनीही स्वतःकडं बघावं. माझी बायको प्रत्येक पकडीला “आई गं!” म्हणायची आणि पोराची नजर तिच्याकडं वळायची. काही दिवस ती तालमीत आली नाही. ते तिनं आपणहून ठरवलं आणि त्याचा उपयोग झाला.

एवढं करूनही पोर तालमीच्या वेळेलाच पोट दुखतं म्हणत असेल, झोपेत दचकत असेल, आणि हे आठवडे आठवडे चाललं असेल, तर समुपदेशकाला भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. आणि खेळच बदलायचा आहे असं त्यानं शांतपणे सांगितलं, तर तेही ऐकून घ्या.