वाकळ शिवायची तर आधी थर नीट बसवा

दिवाळीच्या थंडीत अंगावर घ्यायची वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांचे थर शिवून केलेली गोधडी, पावसाळ्यात शिवायची असेल, तर कापडाची तयारी चैत्र-वैशाखातच उरकून घ्या. साताऱ्यात कासकडून सरी सुरू झाल्या की सुती साडी दोन-दोन दिवस वाळत नाही. दमट कापडाचे थर लावले तर कुबट वास आत बसतो, तो पुढे किती धुतलं तरी जात नाही.

कापड रंगाप्रमाणे लावून ठेवा, असं जो तो सांगतो. ते ऐकू नका. लावायचं ते पोताप्रमाणे. तीन गाठोडी पुरतात: अख्ख्या मऊ सुती साड्या आणि धोतरं थरांसाठी, रंगीत तुकडे वरच्या बाजूसाठी, आणि कापून काढलेले काठ किनारीसाठी. नायलॉन, पॉलिस्टर, जीन्स कितीही सुंदर असले तरी नकोत. सुती कापड धुतल्यावर आटतं, नायलॉन आटत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवलं की पहिल्याच धुण्यात वाकळीला फुगे येतात. गाठोड्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. एक छोटी वहीही हाताशी असू द्या. कुठला तुकडा कुणाच्या साडीचा, हे तिच्यात त्याच दिवशी लिहायचं. आजीच्या लुगड्याचा तुकडा कुठला, हे चार वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही, आणि घरातल्या वाकळीला खरा जीव त्या माहितीनेच येतो.

पहिली वाकळ बाळाच्या मापाचीच करा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद असते, म्हणजे एका साडीचे पाच चौकोन निघतात. फॉल उसवा, जरीचा काठ कापा. लाल किंवा गडद निळा तुकडा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग लागला तर बाजूला ठेवा. वरचे तुकडे एका चौकोनावर मांडून कडा आत दुमडून टाचून घ्या. उरलेले चार चौकोन खालचे थर.

आता थर बसवणं. वाकळ बिघडते ती इथेच, आणि मलाही हात बसायला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. झाडून पुसलेल्या कोरड्या फरशीवर खालचा चौकोन पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. प्रत्येक थर टाकला की तळहाताने मधून कडेकडे सारखा करत जा. ओढून ताणू नका. ताणलेलं सुती कापड वजन काढलं की मागे येतं आणि खालच्या थराला चुण्या पडतात. साडीचा उभा धागा सगळ्या थरांत एकाच दिशेला ठेवा. एक थर आडवा पडला तर वाकळ धुतल्यावर एका अंगाने आखडते.

मग कच्चा टाका, म्हणजे थर जागेवर राहावेत म्हणून घातलेली, नंतर काढून टाकायची शिवण. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, मी लाल घेते, म्हणजे नंतर काढताना दिसतो. बरोबर मध्यापासून सुरू करून चारी कडांकडे चार ओळी घाला, मग मध्यापासून चार कोपऱ्यांकडे, आणि मगच वीतभर अंतराने बाकीच्या. टाका दोन बोटं लांब चालतो. प्रत्येक ओळ संपली की डावा हात खाली सरकवून पाठीची बाजू चाचपा. वरून सगळं सपाट दिसतं, चुणी असते ती पाठीला. सापडली की तेवढीच ओळ उसवून पुन्हा घाला. "शिवता शिवता निघून जाईल" असं कोणी म्हणालं तर मुळीच मानू नका. आपली वाकळ कडेपासून आत शिवत जातात. चुणी प्रत्येक फेरीबरोबर आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध झोळ होऊन बसते. तिथून ती काढायची तर अर्धी वाकळ उसवावी लागते.

कच्च्या टाक्याऐवजी टाचण्या लावू नका, घडी घातली की त्या सरकतात. गोंद तर अजिबात नको. तो वाळून कडक होतो आणि सुई आत जात नाही.

पुढे धावदोरा. सुती दोरा हातभर लांबीचा घ्या, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. कडेपासून बोटभर अंतराने फेऱ्या घालत मध्यापर्यंत या. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, वापरा.

काम रोज थोडंच होणार, म्हणून ते आवरून ठेवायची एकच पद्धत ठरवून घ्या. सुई कापडात टोचून ठेवायची नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. ती दोऱ्यासकट डबीत जाते. वाकळीची घडी न घालता गुंडाळी करा, म्हणजे थर जागचे हलत नाहीत, आणि ती जुन्या उशीच्या अभ्र्यात सरकवा. एका वेळी एकच वाकळ हातात घ्या. दोन अर्धवट असल्या की दोन्ही माळ्यावर जातात.

शेवटी काठाची किनार लावा आणि लाल दोरा ओढून काढा, हे धुण्याच्या आधीच. ओल्या कापडातून तो सहज सुटत नाही. पहिल्यांदा थंड पाण्यात एकटीच धुवा, पिळू नका, आणि दोरीवर न टाकता खाटेवर पसरून वाळवा.