पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो? घोट्याच्या व्यायामातल्या या चुका टाळा

पहिल्यांदा पाय मुरगळला त्याला वर्ष उलटून गेलं, सूज कधीच उतरली, तरी गड उतरताना घोटा दगा देतो आणि कबड्डीच्या मैदानावर त्या पायावर वळायची हिंमत होत नाही. याला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. बहुतेकांना ती नियमित व्यायामाने आटोक्यात आणता येते. पण व्यायाम करूनही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांच्या चुका बऱ्याचदा त्याच त्याच असतात.

दुखणं थांबलं की व्यायाम बंद

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे, असतात. पाऊल आत वळलं की त्यातलं पुढचं बहुधा सर्वांत आधी ताणलं किंवा फाटतं. लिगामेंट हाडांना धरून तर ठेवतातच, शिवाय पाऊल किती आणि कुठल्या बाजूला कललंय याची खबरही मेंदूला देतात. मुरगळल्यावर ही खबर बिघडते, असं लंडनच्या डॉ. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. अशा रुग्णांना डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायला लावण्याची पद्धत तेव्हापासून रुजली. दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, तोल मात्र आपोआप परत येत नाही.

आणि त्यासाठी रोज क्लिनिकच्या चकरा माराव्या लागतात असंही नाही. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनंतर त्यातल्या निम्म्या खेळाडूंनी ८ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्के जणांचा पाय पुन्हा मुरगळला. व्यायाम न करणाऱ्यांत हेच प्रमाण ३३ टक्के होतं.

नुसतं रबरी पट्टा ओढत बसणं

थेराबँड अडकवून पाऊल बाहेर ढकलायचं, वीस वेळा, झालं. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू बळकट करायला हा व्यायाम चांगलाच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. पाऊल वाकडं पडल्यावर हे स्नायू जागे होईपर्यंत घोटा वळून मोकळा झालेला असतो. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपतो. म्हणून पाऊल जमिनीला टेकण्याआधीच स्नायूंनी तयार असणं शिकावं लागतं, आणि ते उभं राहून, हलत्या अंगानेच शिकता येतं.

सुरुवात एका पायावर ३० सेकंद उभं राहण्यापासून करा, ओट्याजवळ किंवा भिंतीशी, म्हणजे तोल गेला तर आधार मिळेल. डळमळ न होता जमलं की डोळे मिटून. मग दुमडलेल्या गादीवर. मग कुणाला तरी चेंडू टाकायला सांगून तो झेलत. त्यानंतर छोट्या उड्या: पुढे, बाजूला, आणि खाली येताना गुडघा किंचित वाकवून जागच्या जागी थांबणं. पहिल्याच दिवशी वॉबल बोर्डवर, म्हणजे त्या डुगडुगत्या फळीवर, चढणारे घाई करतात, हे खरं. पण माझ्या मते उलटी चूक जास्त दिसते. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लागते आणि गाडी महिनोन्‌महिने तिथेच अडते. पाय उभ्या उभ्या क्वचितच मुरगळतो, तो उडीवरून खाली येताना, वळताना मुरगळतो. तिथवर सराव पोचायलाच हवा.

घोटा जखडलाय हे न पाहणं

अस्थिर म्हणजे सैल, असं वाटतं. प्रत्यक्षात यातल्या अनेकांचा घोटा पुढच्या बाजूला पुरेसा वाकत नाही. उकिडवं बसताना एकाच पायाची टाच उचलली जाते का पाहा. नाहीतर भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते दोन्ही पायांचं मोजा. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर तोलाच्या व्यायामाआधी त्याकडे वळा. पोटरीला ताण जाणवत असेल तर ताणाचे व्यायाम उपयोगी पडतात. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं दुखत असेल तर मात्र जोर लावू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पट्ट्याबद्दलचे गैरसमज

घोट्याचा बांधायचा पट्टा वापरला की स्नायू लुळे पडतात, ही भीती निराधार आहे. खेळताना तो पाय पुन्हा मुरगळण्याचा धोका चांगलाच कमी करतो. सामना, ट्रेक, खडबडीत उतार यांसाठी जरूर बांधा. घरात चालताना आणि तोलाचा सराव करताना काढून ठेवा. साधं क्रेप बँडेज हा त्याला पर्याय नाही, ते थोड्याच वेळात सैल पडतं.

कमरेकडेही लक्ष द्या. एका पायावर उभं राहताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल तर कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असू शकतात, त्यांचे व्यायाम जोडावे लागतात.

पाय नव्याने मुरगळला तर ‘नेहमीचंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, आणि लगेच जोरात चोळूनही घेऊ नका. चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरच्या उंचवट्यावर अथवा पावलाच्या आतल्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा.

तीन-चार महिने मनापासून व्यायाम करूनही सांध्याच्या आत खोल दुखत असेल, घोटा अडकत असेल किंवा बाहेरच्या हाडामागे काही सटकल्यासारखं वाटत असेल, तर कूर्चेला (सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत थराला) किंवा स्नायूबंधाला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) इजा असू शकते. मग अस्थिरोगतज्ज्ञ एमआरआय सांगतात. गरज पडली तर सैल झालेलं लिगामेंट घट्ट शिवतात. ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश शल्यचिकित्सकाने १९६६ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया थोड्याफार फेरफारांसह आजही केली जाते. जखम भरल्यावर तोलाचे हेच व्यायाम पहिल्या पायरीपासून पुन्हा करावे लागतात.