डीजेच्या लायब्ररीला टॅग लावताना या चुका टाळा

दिवाळी सरली आणि लग्नाच्या तारखा पडू लागल्या की नाशिकमधली चार-पाच नवी मुले तरी लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे येतात. तक्रार प्रत्येकाची एकच असते : गाणे आहे, पण वेळेवर सापडत नाही. लॉन्सवर रात्री १० वाजता आवाज बंद करावा लागतो, हळदीचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे तासभर उशिरा सुरू झालेला असतो, आणि नवरदेवाच्या मामांनी सांगितलेले गाणे शोधण्यात तीन मिनिटे गेली तर ती परत कोणी देत नाही. मुलांना वाटते लॅपटॉप कमी पडतो. मी लायब्ररी उघडून पाहतो, तेव्हा बहुतेक वेळा टॅग, म्हणजे प्रत्येक फाइलला जोडलेली शीर्षक-कलाकार वगैरे माहिती, विस्कटलेले असतात.

सगळी गाणी एकदम निवडून टॅग बदलणे

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून ती सविस्तर सांगतो. एमपीथ्रीटॅग हे विंडोजवर मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आपल्याकडे बरेच जण वापरतात. त्याच्या डावीकडच्या पट्टीत शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, जॉनर (गाण्याचा प्रकार) असे रकाने असतात. एकाहून अधिक फायली निवडल्या, की ज्या रकान्यातली माहिती फाइलगणिक वेगळी आहे तिथे कोनदार कंसात 'कीप' हा शब्द दिसतो. त्या रकान्याला हात लावला नाही, तर प्रत्येक फाइलचे जे आहे ते तसेच राहते. तिथे काही लिहून जतन केले, तर तेच निवडलेल्या प्रत्येक फाइलवर लिहिले जाते.

सिडकोतला एक मुलगा हळदीच्या गाण्यांना जॉनर लावत होता. पडद्यावर फक्त हळदीचे फोल्डर आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात उपफोल्डरांसह सगळी ड्राइव्ह उघडलेली होती. त्याने कंट्रोल-ए दाबून सगळे निवडले, 'हळदी' असे लिहिले, कंट्रोल-एस दाबून जतन केले आणि तो चहाला गेला. कर्सर जॉनरऐवजी शीर्षकाच्या रकान्यात होता. परत आला तेव्हा त्याच्याकडच्या साडेतीन हजार गाण्यांचे नाव 'हळदी' झाले होते. त्यांत गणपतीच्या आरत्याही होत्या.

एवढ्यावरही सगळे गेलेले नव्हते. रेकॉर्डबॉक्स हे डीजेंचे गाणी लावण्या-वाजवण्याचे सॉफ्टवेअर गाणे आत घेताना त्याचे टॅग वाचून स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते आणि त्यानंतर बाहेरून केलेला बदल आपण सांगितल्याशिवाय वाचत नाही. त्यामुळे रेकॉर्डबॉक्सच्या यादीत जुनी नावे शाबूत होती आणि तिथे थांबून कोणाला विचारले असते, तर तासाभरात काम झाले असते. पण घाईला डोळे नसतात. त्याने तिथेही सगळी गाणी निवडून 'रिलोड टॅग', म्हणजे फाइलमधले टॅग पुन्हा वाचण्याची आज्ञा, दिले. "दादा, मला वाटलं रिफ्रेश केल्यावर नीट होईल," असे तो नंतर म्हणाला. डेटाबेसचा बॅकअप अर्थातच नव्हता.

शेवटी मदतीला आला तो महिनाभरापूर्वी भरलेला पेनड्राइव्ह. रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट करताना गाण्याची फाइलच पेनड्राइव्हवर उतरते, त्यामुळे तिथल्या नऊशे गाण्यांचे टॅग जुनेच होते. ज्या फायलींची नावे 'कलाकार - शीर्षक' अशी होती, त्यांचे टॅग एमपीथ्रीटॅगमधल्या फाइलनावावरून टॅग भरण्याच्या सोयीने परत आणता आले. राहिली 'ट्रॅक ०१' छापाची सहाशेच्या आसपास गाणी. ती आम्ही दोघांनी तीन रात्री बसून ऐकून लिहिली.

तेव्हापासून मी एका वेळी एकाच फोल्डरमधल्या वीस-पंचवीस फायली घेतो, जतन करण्याआधी डावीकडची पट्टी वरून खाली वाचतो, आणि बसण्यापूर्वी रेकॉर्डबॉक्सच्या लायब्ररीचा बॅकअप व गाण्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवतो. ही पद्धत संथ आहे हे मला मान्य आहे. ज्यांना एका रात्रीत लायब्ररी लावायची असते, त्यांना मी आता सल्ला देत नाही.

प्रसंगाला जॉनर समजणे

हळदी, वरात, मिरवणूक ही जॉनरची नावे नाहीत, ते प्रसंग आहेत. एकच कोळीगीत हळदीतही वाजते, वरातीतही वाजते आणि गणपतीसमोरही वाजते. त्याचे जॉनर 'हळदी' लिहिले, की वाकडी बारवेवरून निघालेल्या मिरवणुकीत ते तुम्हाला सापडणार नाही. मग मुले त्याच गाण्याच्या तीन प्रती करून तीन फोल्डरांत टाकतात आणि प्रत्येक प्रतीवर क्यू पॉइंट (गाणे जिथून सुरू करायचे त्या खुणा) वेगळे लावतात. जॉनरमध्ये गाण्याचा प्रकार लिहावा. प्रसंगासाठी रेकॉर्डबॉक्समध्ये स्वतःच्या खुणा लावण्याची 'माय टॅग' ही सोय आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये मी शेऱ्याच्या रकान्यात ठरावीक शब्द लिहितो आणि त्यावरून आपोआप भरणारी प्लेलिस्ट करतो.

नावांच्या लेखनाचेही तसेच. 'अजय-अतुल' हे नाव एका लायब्ररीत मी पाच प्रकारे पाहिले : मध्ये आडवी रेघ, स्वल्पविराम, नुसती मोकळी जागा, 'अँड' हा शब्द आणि त्याचे चिन्ह. सॉफ्टवेअरच्या लेखी ते पाच वेगळे कलाकार होतात. मी शीर्षक आणि कलाकार रोमन अक्षरांतच लिहितो व मराठी नाव शेऱ्यात ठेवतो. कारण पेनड्राइव्ह लावून गाणी वाजवायच्या जुन्या डीजे प्लेअरच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. यावर मराठीच्या अभिमानाचा वाद घालणाऱ्यांनी आधी अंधारात, धुराच्या यंत्रासमोर उभे राहून ते चौकोन वाचून दाखवावेत.

जुन्या सीडींवरून आलेल्या गाण्यांची नावे मधेच तुटलेली दिसली, तर घाबरू नये. आयडीथ्री, म्हणजे एमपी३ फाइलमध्ये टॅग लिहिण्याची पद्धत, हिच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीत सगळी माहिती फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसवलेली होती आणि शीर्षकाला फक्त ३० अक्षरे मिळत. नंतरची आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला लिहिली जाते, पण जुना टॅग शेवटी तसाच राहू शकतो. त्यामुळे तुम्ही दुरुस्त केलेले नाव एका सॉफ्टवेअरमध्ये नीट आणि दुसऱ्यात तुटके दिसते. मी पहिल्या आवृत्तीचा टॅग सरसकट काढून टाकतो.

बीपीएमवर डोळे झाकून विश्वास ठेवणे

बीपीएम म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. यंत्राने ७० सांगितलेले गाणे १४० चे असू शकते, हे बहुतेकांना एव्हाना कळलेले असते. खरी फसगत नाशिक ढोलाच्या प्रत्यक्ष मिरवणुकीतल्या रेकॉर्डिंगमध्ये होते. पथक रंगात आले की लय चढत जाते, आणि एकच बीपीएम धरून आखलेले बीटग्रिड (ठोक्यांच्या जागा दाखवणाऱ्या रेघा) दोन मिनिटांत ठोक्यांपासून सुटते. अशा वेळी दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारे 'सिंक' दाबले, तर दोन ढोल एकमेकांच्या पायात येतात. रेकॉर्डबॉक्समध्ये बदलत्या लयीसाठी 'डायनॅमिक' विश्लेषण आहे, ते अशा गाण्यांपुरते वापरावे. मी मात्र शेऱ्यात 'सिंक नको' एवढेच लिहितो आणि ती गाणी हाताने मिसळतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या आवाजाच्या फायलींत टॅग सगळीकडे सारखे वाचले जात नाहीत, म्हणून दर्जा राखायचा असेल तर एआयएफएफ हा तसाच दुसरा प्रकार घ्यावा. १२८ केबीपीएसचे (सेकंदाला किलोबिट) गाणे ३२० चे करून फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. प्रत्येक गाण्याला पाच तारे दिले, तर तारे दिले नाहीत असेच समजावे. गाण्यांचे फोल्डर विंडोजमधून परस्पर हलवू नये. हलवलेच असेल आणि रेकॉर्डबॉक्समध्ये उद्गारचिन्हे दिसू लागली असतील, तर गाणी पुन्हा आयात न करता फाइलची नवी जागा दाखवणारे 'रिलोकेट' वापरावे, नाहीतर क्यू पॉइंट नसलेली दुसरी नोंद तयार होते. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शक्यतो तिथल्याच प्लेअरला लावून पाहावा. जुने प्लेअर एक्सफॅट ही फॉरमॅटची दुसरी पद्धत वाचत नाहीत.