डेमनला बांधताना रिंगण विरू नये म्हणून

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत डेमनसारख्या परलोकातल्या जिवाला बांधायचा प्लेनर बाइंडिंग मंत्र पूर्ण व्हायला १ तास लागतो. त्याला अडवणारं मॅजिक सर्कल हे जादूचं रिंगणही एरवी तासभरच टिकतं. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या रविवारच्या खेळात इथेच घात झाला. मंत्र संपत आला, रिंगण विरलं आणि डेमन थेट आमच्या पुजाऱ्यावर धावून आला.

१. मॅजिक सर्कल चौथ्या पातळीच्या स्लॉटने टाका, म्हणजे त्यावर जादूची जास्त ताकद खर्च करा. ते २ तास टिकतं. टाकताना उलटं टाका, म्हणजे जीव आत अडकतो.

२. बांधलेल्या जिवाला द्यायचा हुकूम घरूनच पाठकोऱ्या कागदावर लिहून आणा. काय करायचं, कुणाला हात लावायचा नाही, काम कधी संपलं समजायचं, एवढं पुरे. वैर धरलेला जीव शब्द वाकवतोच. नुसतं ‘पुलावर कुणाला येऊ देऊ नकोस’ म्हणालात, तर तो तुमच्याच सोबत्यांना अडवेल. आमची अर्ध्या तासाची घासाघीस वाचते ती या कागदामुळे.

एक जपा: १,००० सुवर्णमुद्रांचं रत्न मंत्रात खर्च होतं, डेमनने करिष्मा सेव्ह, म्हणजे मंत्र झुगारायची फाशाची फेक, जिंकली तरीही. शेवटचं रत्न असेल तर थांबा.