थायरॉईडचा कॅन्सर मानेच्या गाठींत पोचलाय का? सीटी काढताना काय सांभाळायचं

सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईडच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) निघाला की सर्जनला ऑपरेशनआधी एक गोष्ट कळायला हवी असते: मानेतले कुठले लिम्फ नोड (कॅन्सर पसरू शकतो त्या लहान लसिका गाठी) काढायचे. पहिली तपासणी सोनोग्राफीच. मानेच्या बाजूचे नोड ती छान दाखवते आणि संशय आला तर तिथल्या तिथे सुई घालता येते. मात्र श्वासनलिकेतली हवा आणि छातीचं हाड यांच्या पलीकडचं तिला दिसत नाही. घशामागचे नोड, छातीच्या हाडामागे उतरलेले नोड, थायरॉईडची गाठ श्वासनलिकेला किंवा अन्ननलिकेला चिकटली आहे का, यासाठी सीटी लागतो. आवाज बसला असेल, गिळताना अडकत असेल, किंवा सोनोग्राफीत बरेच नोड संशयास्पद असतील तर तो मागितला जातोच. थायरॉईडच्या आतच असलेल्या लहान गाठीला सहसा गरज नसते.

चिठ्ठीवर ‘सीटी नेक विथ कॉन्ट्रास्ट, कवटीच्या तळापासून महाधमनीच्या कमानीपर्यंत’ असं स्पष्ट लिहून घ्या. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून देतात तो आयोडीनचा डाय. ‘थायरॉईडचा पेशंट आहे, आयोडीनचा डाय नको’ म्हणून काही वेळा डाय न देताच सीटी उरकला जातो. त्यात शीर, स्नायू आणि नोड सगळे एकाच राखाडी रंगाचे दिसतात. पैसे गेले, रेडिएशन गेलं, आणि सर्जनचा प्रश्न तसाच राहिला. शंकेला आधार आहे, नाही असं नाही: डायमधलं आयोडीन शरीरात असेपर्यंत ऑपरेशननंतर उपचारासाठी दिलं जाणारं रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) नीट शोषलं जात नाही. पण बहुतेकांच्या शरीरातून ते 4 ते 8 आठवड्यांत निघून जातं, आणि मधल्या काळात ऑपरेशन व जखम भरणं होतच असतं. डाय दिल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. शंका असेल तर लघवीतलं आयोडीन मोजता येतं.

जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) यांचे ताजे रिपोर्ट जवळ ठेवा. क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा, ईजीएफआर, 30 च्या खाली असेल तर डाय द्यायचा का, डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी थांबवायची का, हे डॉक्टर ठरवतील. थायरॉईड जास्त काम करत असेल तर डायने ते आणखी भडकू शकतं, म्हणून टीएसएच. गरोदरपणाची शक्यता आणि डायची जुनी रिॲक्शन आधीच सांगा. रिॲक्शन झालेली असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या साधारण 13 तास आधीपासून सुरू कराव्या लागतात. काउंटरवर आठवून उपयोग नाही. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी मात्र डायच्या आड येत नाही. ती त्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. ठाणे-नवी मुंबईच्या मासेखाऊ घरांत हा गैरसमज फार.

मंगळसूत्र, चेन, कानातलं, केसातल्या पिना काढून ठेवा. सुई शक्यतो उजव्या हाताला लावायला सांगा. डावीकडून गेलेला दाट डाय छातीच्या हाडामागच्या आडव्या शिरेतून जातो आणि नेमक्या नोडच्या जागी पांढरे पट्टे उठतात. खांदे जमतील तितके पायांकडे ओढायचे, कारण खांद्यांच्या हाडांमुळे मानेचा तळ, म्हणजे लेव्हल 4, गढूळ होतो (मानेतल्या नोडच्या जागांना डॉक्टर ‘लेव्हल’ म्हणून क्रमांक देतात). स्कॅन चालू असताना आवंढा गिळायचा नाही. डाय साधारण 80 ते 100 मिलि, सेकंदाला 2 ते 3 मिलिच्या वेगाने जातो. स्कॅन सहसा मिनिटभरानंतर होतो. अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, घाबरू नका. खाज, गांधी किंवा श्वास अडकणं मात्र लगेच सांगायचं.

रिपोर्टमध्ये आकार पाहून निर्धास्त होऊ नका. पॅपिलरीचा नोड 6 मिमीचाही असू शकतो. नोडमधले कॅल्शियमचे बारीक ठिपके, पाणी भरलेला भाग, डाय घेऊन उजळून निघणं, गोल आकार, मधली चरबी नाहीशी होणं, या खुणा जास्त बोलतात. पसरण्याची नेहमीची वाट थायरॉईडभोवतीच्या लेव्हल 6 मधून बाजूच्या 3 आणि 4 कडे. थायरॉईडच्या वरच्या टोकाची गाठ कधी लेव्हल 6 ला वगळून थेट बाजूला उडी मारते. लेव्हल 6 मधले बारीक नोड सीटीतून निसटतात, म्हणून ‘नोड नाही’ म्हणजे शंभर टक्के नाही असं नव्हे. आपल्याकडे दुसरी पंचाईत टीबीची. टीबीच्या गाठीही मधे पोकळ आणि कडेने उजळ दिसतात, एकमेकींना चिकटतात. बाजूच्या संशयास्पद नोडमधून सुईने नमुना घ्यावा आणि सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन) मोजावं. टीबीची शंका असेल तर त्याचीही तपासणी त्याच नमुन्यातून होते.

स्कॅन ठाण्यात किंवा वाशीत आणि ऑपरेशन परळच्या टाटाला किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचंच कॅन्सर केंद्र), असं असेल तर नुसत्या फिल्मवर भागत नाही. डायकॉम सीडी (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची) मागा, त्यात 1 ते 2 मिमीचे पातळ काप आहेत ना ते विचारा, आणि सेंटरमधून निघण्याआधी ती त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहा.