पहिलटकरणीच्या घरी जाताना

बाळंतिणीच्या घरभेटीची तयारी पिशवीपासून नाही, पत्त्यापासून सुरू होते. पहिलटकरणीचं नाव सासरच्या गावात नोंदवलेलं असतं, बाळंतपणाला ती माहेरी जाते, आणि आमच्या बीडकडं दसरा उलटला की कधी सासर, कधी माहेर, कधी दोन्ही घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. सासरची आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका, म्हणते, ती माहेरी गेली. माहेरची म्हणते, माझ्या यादीत नाही. मी 26 वर्षं आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स होते. माझ्याच गावातली एक पोर अशी मधल्या मधे राहिली. माहेरचे फडावर गेले म्हणून ती नवव्या दिवशी सासरी परत आली होती आणि मला कळलं अकराव्या दिवशी. बाळ गार पडलेलं, वजन 1 किलो 700. ते वाचलं, पण ते दोन दिवस मी अजून विसरले नाही.

म्हणून सातव्या महिन्यातच विचारा: बाळंतपण कुठं? तिथं कोण असेल? तिचा फोन बहुतेक नवऱ्याकडं असतो, तेव्हा शेजारणीचाही नंबर घ्या. घरचे तोडीला जाणार असतील तर मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून ठेवा. माहेरच्या गावातल्या आशाताईला फोन आपण स्वतः करायचा, निरोपावर सोडायचा नाही. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत गेलं का, तेही बघा. सासूच्या पेटीत राहिलेल्या कार्डाचा उपयोग नाही.

दवाखान्यात बाळंत झालेलीकडं आशाताईच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. पहिलटकरणीच्या पहिल्या दोन भेटींना मी स्वतः सोबत जायचे. दोन दिवसांनी घरी सोडतात, म्हणजे तिसरा दिवस हा बऱ्याचदा घरातला पहिलाच दिवस, आणि सगळा गोंधळ तेव्हाच असतो.

घरात गेलात की खाली बसा आणि आधी आईला विचारा, "जेवलीस का गं?" आलेला जो तो बाळाचं तोंड बघतो, तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. मग घड्याळ-बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, घरच्यांना दिसेल असे.

बाळ झोपलेलं असेल तर श्वास आधी मोजा, कारण एकदा रडायला लागलं की मोजणी चुकते. झबलं वर करून पोटाकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर 108 ला फोन लावा. तापमान काखेत घ्या, 36.5 ते 37.5 सेल्सिअस ठीक. वजनकाट्याला रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, मगच बाळ ठेवा. आमच्या घरांत उजेड कमी, त्यामुळं तळहात-तळपाय दारातल्या उन्हात नेऊन बघा. तिथपर्यंत पिवळेपणा आला असेल तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

आता अंगावर पाजणं. "पाजतेस का?" असं विचारलं की सगळ्याच हो म्हणतात. त्यापेक्षा समोर पाजायला सांगा आणि शेवटपर्यंत बसा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. नुसतं बोंड तोंडात असेल तर बोंडाला चिरा पडतात, बाळ उपाशी राहतं, आणि संध्याकाळपर्यंत घरात "हिला दूधच येत नाही" सुरू होतं. मग येतं साखरपाणी, शेळीचं दूध, मध, गुटी.

इथं आजीला तोडून बोलू नका. तिनं चार लेकरं वाढवलीत आणि आपण गेल्यावर रात्री जागणारी तीच आहे. मी आजीला काम द्यायचे: "आजी, दिवसभरात किती लंगोट ओले झाले, तेवढं तुम्ही मोजा." पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त भरले की दूध पुरतंय, हे तिचं तिलाच पटतं. शेगडीचंही तसंच. ऊब हवी हे आजीचं बरोबर. कोंदट खोलीतला धूर नको. त्याऐवजी बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून लुगडं गुंडाळा, अडीच किलोच्या आतलं असेल तर जास्तीत जास्त वेळ. नाळेला हळद, राख, तेल काहीही लावायचं नाही.

मग आजीला चहा टाकायला सांगा. तेवढ्या पाच मिनिटांत आईशी एकटीशी बोला. अंगावरून जातं त्याला दिवसाला कापडाच्या घड्या किती लागतात? पाचापेक्षा जास्त, किंवा घाण वास, ताप, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी असेल तर तिलाही दवाखान्यात न्यायचं. झोप लागते का? रडू येतं का? आणि मुलगी झाली असेल तर, "कुणी काही बोललं का?" कितीतरी जणी इथं पहिल्यांदा रडल्या. तेव्हा वहीत लिहीत बसू नका.

नव्या सिस्टर विचारतात, दवाखाना असताना घरी जाऊन काय होतं? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायांना हे शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं 2011 पासून आशांच्या या भेटी देशभर सुरू झाल्या.

पैशाचंही बघा. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, यात ते अडकतात. गरोदरपणातच नाव जुळवून घ्या, आणि खातं तिच्याच नावाचं हवं.

42 वा दिवस म्हणजे दीड महिन्याच्या लसीची वेळ. लसीनंतर ताप येईल, मांडी थोडी सुजेल, घाबरायचं नाही, हे आईला आणि आजीला दोघींना आधीच सांगा. नाही सांगितलं तर दहाव्या आठवड्याच्या डोसाला ते घर येत नाही. ऊसतोडीला निघायचे असतील तर कार्डावर पुढची तारीख आणि स्वतःचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहा, आणि त्या कारखान्याच्या हद्दीतल्या सिस्टरला त्याच संध्याकाळी कळवा.