जुन्या मोटारसायकलचा क्लच: या चुका टाळा

क्लच नीट वागेनासा झाला की हात आपसूक लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरकडे जातो. गिअर कडक पडतोय? थोडं ताण. गाडी ओढत नाही? तरी थोडं ताण. या दोन तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. दोन्हींवर एकच उपाय करत राहिल्यामुळे चांगल्या क्लच प्लेट्स वेळेआधी जळतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांच्या तपासणीत हे टळतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढंच ठरवा: क्लच घसरतोय की पूर्ण सुटत नाहीये? घसरणारा क्लच चढावर आणि वरच्या गिअरमध्ये उघडा पडतो. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र तिथेच राहतो. पूर्ण न सुटणारा क्लच गाडी थांबल्यावर कळतो. लिव्हर दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू बघते, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत मात्र थंड तेलामुळे प्लेट्स एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे सकाळचा तो पहिला दणका आजारात धरू नका. इंजिन बंद असतानाच गिअर टाका, लिव्हर दाबून धरा आणि गाडी मागे-पुढे हलवा, प्लेट्स सुटतात.

फ्री प्ले संपवून टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिव्हर दाबायला लागल्यावर सुरुवातीचा जो प्रवास रिकामा जातो, तोच फ्री प्ले, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी प्ले लागतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. केबल ताणून हा प्ले शून्य केला, की लिव्हर सोडलेला असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेट्सवर येत नाही आणि त्या घसरू लागतात. शिवाय पुशरॉड (लिव्हरचा दाब क्लचपर्यंत नेणारी सळई) सतत घासत राहतो, त्याचं टोक तापतं, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि टोक चेपतं. लिव्हरवर सतत बोटं टेकवून चालवण्याची सवयही नेमकं हेच नुकसान करते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. केबल वापराने लांबली की प्ले वाढतो. प्लेट्स झिजल्या की मात्र प्ले कमी होतो, कारण प्लेट्सचा थर पातळ होतो आणि प्रेशर प्लेट (सगळ्या प्लेट्स दाबून धरणारी बाहेरची प्लेट) आत सरकून पुशरॉडमधलं अंतर खाऊन टाकते. म्हणजे कुणी हात न लावता प्ले कमी होत चालला असेल, तर केबल सैल करणं हाच योग्य उपाय, आणि प्लेट्स संपत आल्याची ती आगाऊ सूचनाही आहे.

फक्त लिव्हरपाशी अ‍ॅडजस्ट करणं

लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर बारीक फरकासाठी आहे. तो बाहेर काढत काढत शेवटच्या दोन आट्यांवर आणला, तर तिथेच मोडतो. अनेक जुन्या गाड्यांना तीन ठिकाणी अ‍ॅडजस्टमेंट असते: लिव्हरपाशी, केबलच्या इंजिनाकडच्या टोकाशी आणि पुशरॉडच्या स्क्रूवर. हा स्क्रू इंजिनावरच्या छोट्या झाकणाखाली किंवा क्लचच्या मध्यभागी असतो.

काम आतून बाहेर करायचं, तेही इंजिन थंड असताना. आधी केबल दोन्हीकडून पूर्ण सैल करा. मग पुशरॉडच्या स्क्रूचा लॉकनट सैल करून स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत न्या आणि साधारण पाव फेरा मागे घ्या (नेमकं माप मॅन्युअलमध्ये बघा). लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि मेहनत वाया जाते. त्यानंतर इंजिनाकडच्या टोकाशी बहुतेक सैलपणा काढा आणि शेवटचं माप लिव्हरपाशी जुळवा. क्लच सुटत असताना इंजिनावरची दांडी केबलशी साधारण काटकोनात असावी. ती फार कललेली असेल तर लिव्हर जड लागतो आणि क्लच पुरता उचलतही नाही. गाडी फिरवून इंजिन तापल्यावर प्ले पुन्हा एकदा बघा.

केबलला गृहीत धरणं

हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. प्ले बदलत असेल तर केबल चुकीच्या वाटेने गेली आहे किंवा कुठेतरी अडकते आहे. निपल (तारेच्या टोकाची गोळी) लिव्हरमध्ये फिरायला हवं, म्हणून तिथे थोडं ग्रीस लावा. ते अडकलं की दर दाबाला तार तिथेच वाकते आणि एकेक धागा तुटत जातो. एक जरी धागा सुटलेला दिसला तरी केबल बदला. साध्या केबलमध्ये वरून पातळ तेल सोडा, खालून बाहेर येईपर्यंत. आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नका.

अ‍ॅडजस्टर, त्याचा लॉकनट आणि लिव्हरचा ब्रॅकेट यांच्या खाचा एका रेषेत सोडू नका. त्या वाटेने केबल निसटू शकते आणि पाणी आत जातं.

कोणतंही तेल चालेल असं समजणं

बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इंधन वाचवतात, पण क्लचला घसरवतात. डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. एमबी तेल ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचच्या गाडीसाठी नाही. तेल बदलल्यानंतर लगेच घसरणं सुरू झालं असेल, तर अ‍ॅडजस्टरला हात लावण्याआधी डबा वाचा. काही जुन्या गाड्यांत क्लच प्रायमरी चेनकेसच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या बंद घराच्या) वेगळ्या तेलात असतो, तिथे पातळी आणि प्रकार दोन्ही स्वतंत्र बघावे लागतात.

झाकण उघडल्यावर

अ‍ॅडजस्टमेंट आणि तेल दोन्ही बरोबर असूनही दोष राहिला, तरच आत जा. घसरणाऱ्या क्लचमध्ये स्प्रिंगांखाली वॉशर टाकून जोर वाढवू नका. दाब बिघडतो, लिव्हर जड होतो आणि झिजलेल्या प्लेट्स झिजलेल्याच राहतात. प्लेट्सची जाडी आणि स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा. स्प्रिंगा बदलायच्या तर पूर्ण संच. नव्या फ्रिक्शन प्लेट्स बसवण्याआधी इंजिनाच्याच तेलात भिजवा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या खांबात ते बसतात, जोर जास्त झाला की खांबच तुटतो.

क्लच सुटत नसेल तर दोन गोष्टी हमखास बघा. स्टीलच्या प्लेट्स सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासा. निळ्या पडलेल्या प्लेट्स तापून गेलेल्या असतात. आणि क्लच बास्केटच्या (प्लेट्स ज्यात बसतात त्या भांड्याच्या) बोटांसारख्या पट्ट्यांवरून नख फिरवा. प्लेट्सच्या कडेच्या कानांनी तिथे खाचा पाडल्या असतील, तर लिव्हर दाबल्यावरही प्लेट्स त्या खाचांत अडकून राहतात आणि एकमेकींपासून दूर होत नाहीत. बारीक खाचा कानशीने साफ होतात, पण सगळ्या बोटांवर सारख्याच घासा. खोल खाचा असतील तर बास्केटच बदला, कारण अशा बास्केटमध्ये नव्या कोऱ्या प्लेट्ससुद्धा तशाच अडकतील.